लिंबोणीवरची गुलाबी फुली

हेनारे चिडलेला मी एकदाच पाहिला, आणि तोही एका लिंबोणीपायी.

शनिवार होता. रग्बीचा सामना संपवून मंडळी घराकडं निघाली होती आणि आम्ही दोघं कीटिंग स्ट्रीटच्या बागेतले कचऱ्याचे डबे रिकामे करत होतो. त्या घोळक्यातला डग, दाराच्या चौकटीत मावणार नाही असा दांडगा गडी, सरळ लिंबोणीपाशी गेला आणि पँटची नाडी सोडून उभा राहिला. आता आमच्या न्यूझीलंडात यात जगावेगळं काही नाही. लिंबोणीला हेच खत मानवतं, अशी इथल्या समस्त पुरुषांची ठाम समजूत आहे. माझा बापही घरच्या लिंबोणीची ही सेवा रोज संध्याकाळी इमानेइतबारे करायचा, आणि आई चहात पिळायची लिंबं दुकानातून आणायची. पण हेनारेनं ते बघितलं मात्र, हातातला डबा टाकून ट्रकमधलं दाताळं उपसलं आणि साठी उलटलेला तो माणूस डगच्या मागं धावत सुटला.

पुढं एका हातानं पँट सावरत डग, मागं दाताळं उगारून हेनारे, अशा त्यांनी झोपाळ्यांभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी ट्रकच्या पायरीवर बसून पोट धरून हसत होते.

"अहो आजोबा, खत आहे ते," डग लांबून ओरडला. "मानवतं तिला."

"तुझ्या घरच्या लिंबोणीला घाल."

"माझ्या घरी कुठली आलीय लिंबोणी? सगळं अंगण काँक्रीटचं."

"मग घरी जाईपर्यंत दम धर."

डग गेला. हेनारेनं दाताळं जागेवर ठेवलं, बादली भरून आणली आणि लिंबोणीचं बूड धुऊन काढलं. म्हातारपणी डोकं सटकलं असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

हेनारे माओरी. त्याचं गाव नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं त्याच्या माणसांची जमीन आहे, बैठकीचं घर आहे, पूर्वज पुरलेले आहेत. तरुणपणी तो कामासाठी खाली शहरात आला आणि मांसाच्या कारखान्यात लागला. तो कारखाना बंद पडला तेव्हा नगरपालिकेच्या बागखात्यात आला, तो इथलाच झाला. घर मात्र कायम भाड्याचं. मी, म्हणजे गेल, बागखात्याच्या डेपोत लागले तेव्हा त्याचे केस काळे होते आणि माझी कंबर बारीक होती. तेव्हापासून आम्ही एकाच ट्रकमध्ये. तो चालवतो आणि मी बोलते, अशी आमची वाटणी आहे.

त्याची एक पद्धत. गवत कापायच्या आधी तो सगळी बाग पायी फिरणार. कुठं काच पडली असेल ती उचलणार, कुत्र्यांनी केलेलं काढणार, पोरांचा एखादा मोजा किंवा बूट सापडला तर कुंपणावर दिसेल असा अडकवून ठेवणार. मग झोपाळ्याच्या साखळ्या ओढून बघणार, घसरगुंडीखाली पसरलेला झाडांच्या सालींचा चुरा सारखा करणार, आणि मग कुठं मशीन चालू. मी म्हणायची, "अरे, बाग आहे ही. सून यायचीय का इथं राहायला?" तो नुसता हसायचा. कीटिंग स्ट्रीटच्या बायका पोरांना बागेत सोडून निर्धास्त दुकानात जायच्या, त्या याच्या जिवावर.

फक्त एका गोष्टीत माझं त्याच्याशी कधी जमलं नाही. झाडं कशी लावावीत याची या माणसाला काडीची अक्कल नाही, असं माझं पक्कं मत होतं. एक कोफाई इथं, एक प्लम तिथं, एक फिजोआ मैदानाच्या ऐन मध्यात. ओळ नाही, अंतर नाही. मशीन वळवून वळवून माझा खांदा भरून यायचा आणि मी त्याच्या नावानं बोटं मोडायची.

"वळव की जरा," तो म्हणायचा. "तुझं काय जातंय?"

"खांदा जातोय."

या बागेला दुखणं एकच होतं. हिवाळ्यात पाणी साचायचं. झोपाळ्यांखाली इतकं डबकं व्हायचं की बदकं येऊन बसायची. चर खणा आणि पाणी काढून द्या, असं हेनारे दर वर्षी मिळेल त्या साहेबाच्या कानीकपाळी ओरडायचा. शेवटी एकदाचं वर कुणाला तरी ऐकू गेलं. यंदा बागेचं काम मंजूर झालं. पाण्याला चर, नवे झोपाळे, बाबागाडी जाईल अशी पायवाट. आराखडा करायला फिलिपा नावाची पोरगी आली. चांगली होती, चिखलात उतरून काम करणारी. हेनारेनं तिला पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, सगळं हिंडून दाखवलं. मी त्याला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. वर्षअखेर तो निवृत्त होणार होता, जाता जाता हे एक काम होतंय म्हणून गडी हवेत होता.

आणि मग एका सकाळी आम्ही गेलो, तर काढायच्या झाडांवर गुलाबी रंगाच्या फुल्या मारलेल्या. प्लमवर एक, मधल्या फिजोआवर एक, आणि लिंबोणीवर एक. चर नेमका त्यांच्यातून जाणार होता.

मी मनात म्हटलं, सुटले, मशीन सरळ जाईल. वळून बघते तर हेनारे फुटपाथच्या कडेवर मटकन बसलेला. तोंड पांढरं पडलेलं. मला वाटलं छातीत कळ आली. मी फोन काढला, तर त्यानं हातानंच नको म्हणून खुणावलं. मग त्याला ट्रकमध्ये बसवलं, थर्मासातला चहा दिला, आणि तो बोलेपर्यंत तोंड बंद ठेवलं. हे मला किती जड गेलं असेल ते माझं मला ठाऊक.

"त्या लिंबोणीखाली मेरेआनाची वार आहे," तो म्हणाला.

मेरेआना म्हणजे त्याची नात. इथं जन्मली, आणि लहान असतानाच आईबरोबर ऑस्ट्रेलियात गेली ती तिकडंच वाढली. हेनारेच्या लोकांत बाळ जन्मलं की नाळेसोबत पडलेली त्याची वार मातीत पुरतात, वर झाड लावतात. मग ते माणूस जगाच्या पाठीवर कुठंही जाऊ दे, तेवढी जागा त्याची. मेरेआनाची वार खरं तर डोंगरातल्या गावी जायची. पण ती जन्मली त्या हिवाळ्यात दरड कोसळून नदीकाठचा रस्ता बंद पडला, तो काही केल्या उघडेना. घर भाड्याचं, उद्या मालक जा म्हणाला तर जावं लागणार. तेव्हा हेनारेनं विचार केला, की बाग काही कुणी विकत नाही. एका पहाटे त्यानं लिंबोणीचं रोप आणलं, प्रार्थना म्हटली आणि काम उरकलं.

"ती येतेय," हेनारे म्हणाला. "पोटुशी आहे. नाताळाच्या सुमारास मोकळी होईल. फोनवर म्हणाली, आजोबा, बाळंतपण तुमच्याकडंच करायचं, आणि बाळाची माझ्याशेजारीच पुरायची. लिंबोणी आहे ना अजून? मी म्हटलं, आहे. लिंबांनी वाकलीय."

मी त्याचा कप पुन्हा भरला.

"मग फिलिपाला सांग की," मी म्हटलं. "चांगली पोर आहे. ऐकेल."

"एकीचं सांगितलं की बाकीच्यांचं विचारतील."

"बाकीच्यांचं म्हणजे?"

त्यानं समोरच्या काचेतून बागेकडं नुसता हात केला. कोफाई, प्लम, फिजोआ, कोपऱ्यातलं ते वाकडं सफरचंद.

"ही झाडं मी अशीच कुठंही लावली असं वाटलं तुला?"

इतकी वर्षं मी त्या झाडांना शिव्या देत मशीन वळवत होते. कीटिंग स्ट्रीटवर सगळी भाड्याची घरं. कुणाचं गाव लांब, कुणाचं गावाशी वाकडं, कुणाला गाव कुठलं तेच माहीत नाही. मेरेआनाचं कुणाकुणाला कळलं, आणि मग एकेक जण हळूच येऊन विचारायला लागला, हेनारेकाका, आमच्या बाळासाठी एवढी जागा बघाल का? काकांनी बघितली. ज्याला जिथं बरं वाटलं तिथं. ओळ कसली आणि अंतर कसलं.

"ते लोकांच्या घरातलं आहे, गेल," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास टाकून सांगितलेलं. मी ते ऑफिसात कसं बोलू? आणि एखादा शहाणा म्हणाला, पोरं खेळतात तिथं हे असलं नको, उकरून काढा, तर?"

"आणि तुझ्या नातीला काय सांगणार?"

"बघू."

या 'बघू'नं माझं डोकंच फिरलं. घर जळत असलं तरी हा माणूस म्हणेल, बघू. पण त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही म्हणून, आणि मी तो दिला. नंतरचे दिवस मी सगळ्यांच्या अंगावर धावून जात होते. डेपोतल्या एकानं माझ्या कपात चहा प्यायला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

एकदा मी बघत होते, हेनारे फिलिपाला लिंबोणीपाशी घेऊन गेला. आता बोलेल, मग बोलेल. शेवटी म्हणाला काय, तर, "ही लिंबोणी चांगली आहे."

"छानच आहे," फिलिपा म्हणाली. "पण काका, चर इथूनच जायला हवा. आपण नवीन लावू ना, एक सोडून दोन लावू."

यानं मान डोलावली. फावडं माझ्या हातात होतं, आणि दोघांपैकी कुणाच्या डोक्यात घालावं ते मला ठरवता येईना.

मग फिलिपानंच एक गोष्ट काढली. खोदकाम सुरू करण्याआधी लोकांना विचारायचं असा इथं नियमच आहे. तिनं ठरवलं की एका शनिवारी सगळ्या वस्तीला बागेत बोलवायचं, सॉसेज भाजायचे, आणि प्रत्येक घराला एक पिवळी फीत द्यायची. बागेतली जी गोष्ट गमवायची नाही, तिला ती बांधायची.

"कारण सांगावं लागेल का?" मी विचारलं.

"छे. कारणं विचारली की लोक येतच नाहीत. नुसतं बांधायचं."

मी हेनारेकडं बघितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पण त्याचे कान टवकारलेले मला दिसले.

त्या आठवड्यात हेनारे रोज काम संपलं की धुतलेला शर्ट घालून घरोघर हिंडला. निम्मी माणसं घरं बदलून गेलेली. मग याला विचार, त्याला फोन कर. सांगायचं काय, तर एवढंच की शनिवारी बागेत या, तुमची फीत घ्या. ज्याला कळायचं त्याला कळत होतं.

शनिवारी लख्ख ऊन पडलं. हेनारे चिमटा घेऊन सॉसेजच्या तव्यापुढं उभा राहिला, मी पावांत कांदा भरत होते. फिलिपाची अटकळ होती की बहुतेक फिती झोपाळ्यांवर जातील. दोन-चार गेल्याही. मग काठी टेकत एक म्हातारी आली. तिनं कोणाकडं बघितलं नाही, सरळ कोफाईपाशी जाऊन फीत बांधली आणि बुंध्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. पोस्टमननं प्लमला बांधली. मग एक गाडी आली, लांबच्या गावची असावी, तिच्यातून आख्खं कुटुंब उतरलं आणि मैदानाच्या ऐन मध्यातल्या त्या फिजोआकडं गेलं. फिलिपा आधी हसत होती. मग तिनं हातातला आराखडा गुंडाळून काखेत धरला आणि नुसती बघत राहिली.

लिंबोणी तेवढी माझ्या जागेवरून दिसत नव्हती, मध्ये गर्दी होती. हेनारे हलायला तयार नाही.

"जा ना आता," मी म्हटलं.

"सॉसेज करपतील."

"करपू देत. जा."

"लोक बघतायत, गेल."

मी त्याच्या हातातला चिमटा हिसकावून घेतला आणि त्याच्या खिशातली फीत काढून त्याच्या हातात कोंबली. तो गेला. मीही तवा पोस्टमनच्या हवाली करून मागं गेले, कारण या माणसाचा मला भरवसा नव्हता.

लिंबोणीला आधीच एक फीत बांधलेली होती. आणि शेजारी डग उभा होता.

हेनारेचा चेहरा मी बघितला आणि दाताळं ट्रकमध्ये आहे याचा मला आनंद झाला.

"सोड ती," हेनारे म्हणाला.

"का म्हणून सोडू?"

"चेष्टा पुरे झाली. दुसरं काहीही घे. ही नको."

"चेष्टा नाही, आजोबा." डगचे कान लाल झाले होते. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज पार खाली गेलेला. "इथं आमच्या लुपेची आहे."

तेवढ्यात डगची बायको साला मागून आली. ती सामोआची, आणि त्यांच्यातही हीच रीत. तीच बोलायला लागली. लेक झाली तेव्हा दवाखान्यातून वार घरी आणली ती आइसक्रीमच्या डब्यात घालून. अंगण तर काँक्रीटचं. ती म्हणाली, चांगली माती बघून पुरा. डग बिचारा गोरा, त्याला यातलं काही ठाऊक नाही. तो कुदळ आणि डबा घेऊन पहाटे साऱ्या वस्तीत फिरला.

"मला कुठं कळतंय चांगली माती कुठली," डग म्हणाला. "पण या झाडाचं बूड कुणीतरी नेहमी साफ ठेवलेलं असायचं. आळं केलेलं, पाला घातलेला. मी म्हटलं, याच्यावर कुणाची तरी माया आहे. इथं आपली पोरगी नीट राहील."

हेनारेनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत घडी घातली.

"कुठल्या अंगाला?" त्यानं विचारलं.

"या. रस्त्याच्या."

"आमची नदीच्या अंगाला आहे," हेनारे म्हणाला आणि त्यानं आपली फीत डगच्या फितीखाली बांधली. दुसरी गाठ डगनं मारली.

सालाच्या मनात मात्र भलतंच चाललं होतं.

"एक सांगा, आजोबा," ती म्हणाली. "मग तुम्ही याच्या मागं दाताळं घेऊन कशासाठी धावला होतात? हा म्हणतो, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय."

डग बुटांकडं बघायला लागला. हेनारे आभाळाकडं. मी कुणाला याबद्दल शब्द दिलेला नव्हता, म्हणून मी सगळं सविस्तर सांगितलं.

साला आपल्या भाषेत जे बोलली ते मला कळलं नाही, पण पुढची पाच-दहा माणसं बाजूला झाली. मग तिनं खांद्यावरचा भांडी पुसायचा टॉवेल काढला आणि डगनं झोपाळ्यांभोवती पुन्हा एकदा फेरी मारली. "मी खत घालत होतो," तो पळता पळता ओरडत होता. "पोरीच्याच भल्यासाठी." हेनारे हसला. गुलाबी फुली पडल्यापासून पहिल्यांदा हसला, आणि इतका हसला की त्याला लिंबोणीचा आधार घ्यावा लागला.

फिलिपा तिथं कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिनं त्या दोन फिती बघितल्या, मग मागं वळून सगळी बाग बघितली.

"कारण विचारणार नाही म्हटलं होतं, तर विचारत नाही," ती म्हणाली. "चर कुंपणाच्या कडेनं नेते. जरा लांब पडेल, पण पाणी जाईल."

"आणि फुल्या?" मी विचारलं.

"पुसून टाका."

तो रंग काही पुसला जात नाही. हेनारेनं ब्रशनं घासघास घासला, तरी लिंबोणीच्या सालीवर फिकट गुलाबी डाग राहिला तो राहिलाच. त्या रात्री किती दिवसांनी मला शांत झोप लागली.

चर झाला, झोपाळे आले. हिवाळ्यातली बदकं आता कुठं जाणार, हे हेनारेनं दोनदा काळजीनं बोलून दाखवलं. मेरेआना आली, आणि नाताळ उलटल्यावर मुलगा झाला. हेनारे तेव्हा निवृत्त झालेला होता, तरी वार पुरायच्या दिवशी आम्ही बागेत पोचलो तर हा आधीच येऊन सगळी बाग फिरून बसलेला. कुंपणावर एक मोजा अडकवलेला.

खड्डा डगनं खणला. कुठं, किती, ते हेनारे सांगत होता, आणि मेरेआना बाळाला घेऊन सालाशेजारी बसली होती. लिंबोणीच्या एका अंगाला तिची स्वतःची होती, दुसऱ्या अंगाला लुपेची, आणि मधली जागा मोकळी होती. बाळाची वार तिथं ठेवली. हेनारेनं प्रार्थना म्हटली आणि माती सगळ्यांनी हातानं लोटली. मी पण लोटली. मला कुणी बाहेरची म्हटलं नाही.

मग सालानं चहा ओतला. मेरेआनानं हात वर करून एक लिंबू तोडलं, कापलं आणि सगळ्यांच्या कपांत पिळायला लागली. माझ्या कपापाशी आली तशी मी डगकडं बघितलं.

"बंद केलंय मी," डग म्हणाला. "आजोबांची शपथ."

"शपथ माझी कशाला घेतोस?" हेनारे म्हणाला. "उद्यापासून हिचं आळं तूच करायचं आहे. माझे गुडघे गेले. पाला घालायचा, बूड साफ ठेवायचं."

डगनं मान डोलावली.

"आणि पाणी बादलीनं घालायचं," हेनारे म्हणाला.

मी कप पुढं केला. चहा आंबट झाला होता, पण मी सगळा प्यायले.